जिथून ध्रुव दिसत नाही

आमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. टाकीच्या कठड्यावर उजव्या कोपऱ्याला बसलं तर बोलणं नीट ऐकू येतं, हातभर डावीकडे सरकलं की तुटतं. गेली सहा वर्षं मी एक दिवसाआड दुपारी बाराच्या सुमाराला त्या कोपऱ्यात जाऊन बसत आले. त्या वेळेला फोन वाजला म्हणजे माझी नणंद भागी. ती न्यूझीलंड देशाच्या अगदी खालच्या टोकाला, मुलाकडे राहायची. आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा त्यांच्याकडे दिवेलागण झालेली असते. श्रावणात एका दुपारी पाऊस उघडला होता. मी छत्री मिटली, कठडा पदराने पुसला नि बसले, तोच फोन वाजला. पण आवाज भागीचा नव्हता, तिच्या मुलाचा, नितीनचा होता. मी म्हटलं, "अरे, तू कसा आज? आईला दे. सांग तिला, ढग फाटलेत हितं." तो म्हणाला, "मामी, आई गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" ... मग मला कळलं.

लोक मला विचारतात, आकाश बघता बघता गेली का? तिला ग्रहांचं वेड होतं हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्यांना तसं वाटतं. तसं काही नाही. सकाळी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, छातीत कळ आली, गाडी यायच्या आत संपलं. अर्धा लसूण सोललेला, अर्धा तसाच. मरण असंच येतं, त्याला आपण शोभा आणून उपयोग नाही. पेपरच्या या पुरवणीसाठी तिच्याबद्दल लिहून द्या असं पोलादपूरहून सांगणं आलं, तेव्हा मी आधी नको म्हटलं. मी चौथी शिकलेली बाई. मग विचार केला, भागीबद्दल एक गोष्ट अशी आहे जी माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, नि ती फोनवर माझ्या तोंडून निघत नाही. तिला मी एक शब्द द्यायला हवा होता, तो दिला नाही. ती गोष्ट लिहायला मी बसले आहे. पण आधी ती कोण होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला नुसतं एक म्हातारी गेली एवढंच कळेल.

मी मूळची तुडीलची, सावित्रीच्या काठची. खालच्या गावातून आभाळ दिसतं ते डोंगरांच्या मधल्या तुकड्याएवढं. लग्न होऊन मी पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या या वाडीत आले तेव्हा सतरा वर्षांची होते, भागी दहाची. तेव्हा वाडीत पंधरा-सोळा घरं, प्रत्येकाच्या दारात म्हशी, उतारावर नाचणी नि वरी. आणि आभाळ चहूबाजूंनी, पायाखाली येईल की काय असं. उन्हाळ्यात आम्ही बायका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, चटया टाकून निजायचो. भागी माझ्या चटईवर घुसायची. पहिल्याच उन्हाळ्यात तिने मला विचारलं, "वैनी, तुला शुक्र माहीत हाय?" मी म्हटलं, "हाय की. फाटेचा उगवतो तो." "आणि सांजचा?" "तो दुसरा." "नाय गो, एकच हाय. फाटेला असतो तेवा सांजेला नसतो, सांजेला असतो तेवा फाटेला नसतो. मी दोन वर्षं बघतेय." मी तिला म्हटलं, शहाणपणा करू नकोस, झोप. दहा वर्षांच्या पोरीने दोन वर्षं लक्ष ठेवून ही गोष्ट धरली होती. मला सतरा वर्षांत ते सुचलं नव्हतं, याचा मला राग आला होता. आज कबूल करते.

घरात घड्याळ नव्हतं. शुक्र वर आला की म्हशी पिळायच्या, नि उजाडता उजाडता मी नि भागीने दुधाच्या किटल्या घेऊन पोलादपूरला हॉटेलात दूध घालायला जायचं, असा नेम. थंडीच्या दिवसांत एकदा भागीने मला हलवून उठवलं. "वैनी, ऊठ, शुक्र आला वर." मी दाराबाहेर बघितलं तर डोंगरावर हा एवढा ठळक, पांढरा. म्हशी पिळताना पाय झाडत होत्या, त्यांना वेळ कळली होती, आम्हाला नाही. अर्धी वाट उतरलो तरी उजाडेना. पोलादपूरला पोचलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉटेलच्या पायरीवर किटल्या मधे घेऊन दोघी एका चादरीत बसलो. दात वाजत होते. बऱ्याच वेळाने डोंगराआडून खरा शुक्र वर आला, आधीच्या चांदणीपेक्षा दुप्पट झगझगीत. भागीने बघितला, मी बघितला. हॉटेलवाला किल्ल्या वाजवत आला, आम्हाला बघून थांबला नि म्हणाला, "अगो पोरींनो, हे दूध कालचं म्हणू की उद्याचं?" घरी आल्यावर सासूबाईंनी बोलणी घातली ती मला. "ती पोर हाय. तुला चोरचांदणी कळत नाय?" शुक्राच्या आधी उगवून माणसाला फसवते, अवेळी वाटेला लावते, तिला आमच्याकडे चोरचांदणी म्हणतात. जुन्या काळी अशा फसलेल्या माणसांना वाटेत चोर गाठायचे म्हणे.

भागीने ती फसगत मनाला लावून घेतली. पोलादपूरच्या शाळेत ती सातवीपर्यंत गेली, दूध घालून तशीच वर्गात बसायची. तिथे गुरुजींना तिने विचारलं असणार. एके दिवशी धावत घरी आली. "वैनी, चोरचांदणी कोण माहीत हाय? ती चांदणीच नाय. गुरू हाय तो, ग्रह. आपण गुरूला चोर म्हणतो गो!" मी चुलीपुढे हसून हसून बेजार झाले. तेव्हापासून तिची नजर कधी चुकली नाही. तिची खूण एकच, चांदणी डोळे मिचकावते, ग्रह टक लावून बघतो. मंगळ म्हणजे राखेखालचा निखारा. शनी म्हणजे म्हाताऱ्याचं नख, पिवळट नि मंद. बुध तिने उभ्या आयुष्यात पाच-सहा वेळाच बघितला असेल, पण बघितला की बोट पुढे करून उभी राहायची, आपण बघितल्याशिवाय बोट खाली नाही.

तिचं लग्न महाडात झालं. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, भला माणूस. बाजारामागे एक खोली, वर आभाळाची चिंधी. तिला आमच्याकडे यायला शिमग्याशिवाय जमायचं नाही, नि त्यालाही आमच्यात एक रीत. लेक माहेरी आपल्या पायाने येत नाही. माहेरहून तिला मूळ धाडायचं असतं, म्हणजे बोलावणं पाठवायचं, नि भाऊ नाहीतर भावाचा मुलगा तिला घ्यायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याशिवाय आलेली लेक सासरी भांडून आली असं लोक धरून चालतात. महाड ते पोलादपूर अंतर ते किती, नवरा एसटीत, फुकट पास घरात, तरी भागी एकदाही एकटी आली नाही. माझे मालक दर शिमग्याला जायचे, तिच्याकडे जेवायचे, दुपारच्या गाडीने तिला घेऊन यायचे. ती आली की पिशवी खळ्यातच ठेवायची नि मान वर करायची. मी ओरडायचे, "आधी पाय धू, मग तुझे पाव्हणे बघ." मालक गेल्यावर माझा मुलगा मुंबईहून येऊन दोनदा मुराळी झाला, मग त्याला सुट्टी मिळेना. मूळ धाडणं माझ्या हाती होतं. भाऊ गेला की बाईचं माहेर म्हणजे वहिनीचा शब्द, दुसरं काही नाही. मी एक-दोन वर्षं गावातल्या कुणाला तरी पाठवलं, नंतर राहून गेलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

तिचा नवरा वारला. पुढच्या पावसाळ्यात महाडच्या खोलीत पुराचं पाणी शिरलं, भिंत गेली, खोली सोडली. नितीन दापोलीला शिकून गाईंच्या धंद्यात पडला होता नि न्यूझीलंडला एका मोठ्या गोठ्यावर कामाला लागला होता. तो आईला घेऊन गेला. मी म्हटलं, जाऊ दे, सुखात राहील. राहिलीही. सून चांगली, दोन नातवंडं, घर उबदार. पहिल्या फोनवर मला म्हणाली, "वैनी, शेकडो गायी हायत हितं, नि एकीला नाव नाय गो. कानात नंबर." मग हळूच म्हणाली, "आणि सूर्य उत्तरेकडनं जातो." मी म्हटलं, "डोळे तपासून घे." ती म्हणाली, "खरंच गो. कपडे वाळत घालायला दक्षिणेची भिंत धरली, दिवसभर ऊनच नाय."

ते खरं होतं. तिथे सगळं उलटं. चंद्रातला ससा डोक्यावर उभा. मृगनक्षत्र पाय वर करून लटकलेलं. चवथीची कोर आपल्याकडे होडीसारखी असते, तिथे तोंड फिरवून उभी. आणि ध्रुव नाहीच. किती रात्री शोधला म्हणे, मग नितीनने समजावलं, आई, ध्रुव इथून दिसतच नाही, तो जमिनीच्या खाली राहतो. हे तिने मला त्या दिवशी फोनवर सांगितलं. भागी रडणारी नव्हती, मीही नाही. फक्त म्हणाली, "एक पण वळखीचं तोंड नाय गो आभाळात." ... चार-पाच दिवसांनी फोन आला तो आरडाओरडा करतच. "वैनी, शुक्र हाय! हाय हितं! तोच हाय, तसाच बघतो!" थंडीत गोठ्यामागच्या कुंपणाशी गेली होती, नि मावळतीला शुक्र. दोन दिवसांनी गुरू सापडला, मग मंगळ. चांदण्या परक्या निघाल्या, ग्रह तेवढे माहेरचे निघाले. त्यांचा रस्ता सगळ्यांच्या दारावरून जातो, असं ती म्हणायची. शेजारी एक गोरी म्हातारी होती. तिला भागीची भाषा येत नाही, भागीला तिची. दोघी कुंपणाशी उभ्या राहायच्या. ही बोट दाखवून म्हणायची "गुरू", ती म्हणायची "जुपिटर". भागी मला सांगायची, "मी तिला वर्षभर शिकवतेय, अजून चुकीचं नाव घेते."

तेव्हापासून आमचं ते फोनचं सुरू झालं. तिची संध्याकाळ आमच्या आधी व्हायची, म्हणून ग्रह आधी तिला दिसायचे. दिवेलागणीला बघून यायची नि फोन करायची, "माझा बघून झाला, आता तुझ्याकडं धाडते. सांजेला उतरवून घे." वाटीभर कालवण शेजारी द्यावं तसं. त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत सूर्य मावळायचा नाही, तेव्हा तिचा फोन तीन वाजून जायचा, नि मी उन्हात टाकीवर बसून तिला शिव्या घालायचे. भांडणंही झाली. एका हिवाळ्यात गुरू नि मंगळ जवळजवळ होते. ती म्हणाली, मंगळ गुरूच्या उजव्या हाताला हाय. मी आदल्या सांजेला बघितलेला, मी म्हटलं डाव्या. "तिकडं जाऊन उजवा-डावा विसरलीस." "जेवतेस त्या हाताचं सांगते वैनी मी." "मी पण जेवते त्याच हाताचं सांगते." फोन ठेवून दिला मी. दोन खेपा गेलेच नाही टाकीवर. तिसऱ्या खेपेला गेले तर पहिलंच वाक्य, "वैनी, ग्रह बघताना तू तोंड कुठं करतेस?" "दक्षिणेला. दुसरीकडं कुठं करणार?" "मी उत्तरेला. म्हणजे बघ, तू माझ्याकडं तोंड करून उभी, मी तुझ्याकडं तोंड करून, नि ते दोघं आपल्या मधी. तुझा डावा तो माझा उजवा." मला ते कळायला वेळ लागला. मग मी म्हटलं, "तर मग हात कर, दिसतेस का बघते." ती हसली ती किती वेळ.

पावसाळ्यात चार महिने आमच्याकडे आभाळच नसतं. तेव्हा ती एकटी बघायची नि मला सांगायची. मी ऐकून घ्यायचे. या वर्षी आषाढात पाच दिवस पाऊस ठोकत होता, कौलं दोन ठिकाणी गळत होती, माझी कंबर धरली होती, नि त्यात फोन घ्यायला टाकीपर्यंत चिखलातून जायचं. मी गेले ती चिडूनच. तिने शुक्राचं सांगायला सुरुवात केली नि मधेच थांबली. म्हणाली, "वैनी, मुराळी धाड की गो मला."

मला थट्टा वाटली. मी म्हटलं, "मुराळी कुठला आणू? तुझा भाऊ गेला वर, त्याला खाली बोलवू?" तीही हसली. मग म्हणाली, "नाय गो, खरंच विचारते. मी येऊ? हितं वाईट कोण नाय. पोरं शाळेत जातात, सून कामाला जाते, सगळी जीव लावतात. पण मला येवसं वाटतंय."

मी तिला जे उत्तर दिलं ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "येऊन राहशील कुठं? पडवीत लाकडं नि जळणाच्या शेणी भरल्यात कौलापर्यंत. पावसात दरडीची भीती म्हणून तलाठी रोज खाली शाळेत चला सांगून जातो. वाडीत आम्ही सात माणसं उरलोय, त्यातली तीन अंथरुणाला. तू पडलीस तर तुला उचलणार कोण? मी?" ... पावसाचा आवाज माझ्याकडचा, तिच्याकडे काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "हां गो. ते पण खरंच." आणि लगेच, "बरं, शुक्राचं सांगत होते ना..." नि पुढे सांगत राहिली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. पुढचे फोन नेहमीसारखे झाले. मीही काढला नाही. मला वाटलं, विसरली.

मी दिलेली कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण मी तिला सांगितलं नाही. मालक तीन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मी केलं. त्या आधी सासूबाईंचं केलं. त्यानंतरच माझी सकाळ माझी झाली होती. हवं तेव्हा उठायचं, एकटीपुरती भाकरी थापायची, कुणाचं कण्हणं ऐकायचं नाही. आणखी एक म्हातारं माणूस दारात येतंय म्हटल्यावर मला आधी तिचं तोंड आठवलं नाही, धुवायच्या चादरी आठवल्या. बाई खोटं बोलली तरी पोटात तिला माहीत असतं. मला त्या दिवशी टाकीवरून घरी येतानाच माहीत होतं.

ती गेल्यावर तेराव्या दिवशी नितीनचा फोन आला. तिकडे तिचं सगळं रीतीने केलं होतं त्याने, मिळेल त्या ब्राह्मणाकडून. आता गाई विणायचा मोसम, एका दिवसाचीही रजा नाही, तो संपला की अस्थी घेऊन येतो, सावित्रीत सोडायच्या आहेत, म्हणाला. मग म्हणाला, "मामी, तू वाईट वाटून घेऊ नको. तू तर तिला बोलावलं होतंस." मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "आईला यायचं होतं, मी तिकीट बघून ठेवलं होतं. तिला म्हटलं, मामीला विचार, ती हो म्हणाली की काढतो. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, वैनी तर ये म्हणते, मूळ धाडते म्हणते, पण मीच नाय जात आता. नातवंडं सोडवत नाहीत." ... तो हॅलो हॅलो करत राहिला. "मामी, आवाज तुटतोय का?" मी म्हटलं, "हो रे, तुटतोय." मी उजव्या कोपऱ्यातच बसले होते. आवाज घंटेसारखा स्पष्ट येत होता.

तिने असं का सांगितलं, याचा मला फार विचार करावा लागला नाही. पोराला खरं सांगितलं असतं तर त्याच्यापुढे तिचं माहेर पडलं असतं. शिमग्याला आपल्या पायाने न येणारी बाई ती. मूळ आलं नाही हे तिने मुलालाही कळू दिलं नाही. उलट मूळ आलं होतं, आपणच गेलो नाही, असं करून ठेवलं. मला झाकलं नि आपण मागे राहिली. आणि तो पोरगा त्या शब्दावर मला धीर देतोय. वाडीतली माणसं येऊन म्हणतात, तू तिचं किती करायचीस, ऊन-पाऊस न बघता टाकीवर जायचीस. मी ऐकून घेते. माझ्यावर कुणी आरोप केला असता तर मी भांडले असते. आरोप करत नाहीत त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आता पाऊस ओसरला आहे. परवापासून संध्याकाळी मावळतीला ढग फाटतात नि शुक्र दिसतो, खाली, झाडांच्या शेंड्यांना लागून. मी बघते. तिच्याकडून साडेसहा तासांपूर्वी तो गेलेला असतो, नि तिथे कुंपणाशी गोरी म्हातारी एकटी असेल, तिला आता ग्रहांना तिच्या चुकीच्या नावांनी हाक मारायला मोकळीक आहे. पूर्वी मी बघायचे ते उद्या दुपारी भागीला सांगायचं म्हणून नीट बघायचे, किती वर आहे, कुणाच्या शेजारी आहे. आता नुसता आहे ना, एवढंच बघते. सांगायचं नसलं की बघणंही अर्धं राहतं, हे मला या वयात कळलं.

नितीन, तू ही पुरवणी फोनवर वाचतोस हे मला माहीत आहे, तुझ्या आईनेच सांगितलं होतं. म्हणून हे इथे लिहिलं. तुझ्या आईला मी ये म्हटलं नव्हतं. तिने विचारलं, सरळ विचारलं, नि मी नको म्हटलं. ती तुझ्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली असेल, ते माझ्यासाठी. अस्थी घेऊन येशील तेव्हा महाडलाच उतरायचं नि सावित्रीवरून परत फिरायचं, की मामीकडे वर यायचं, ते हे वाचून तू ठरव. मी बोलावणं धाडत नाही. एकदा चुकलेल्या माणसाने दुसऱ्यांदा मानभावीपणा करू नये.

काल सकाळी मी पडवीतली लाकडं नि शेणी काढायला घेतल्या. कुणाला हाताखाली घेतलं नाही. न्याहारी करून सुरुवात केली, मला वाटलं होतं दोन-तीन दिवस जातील. लाकडं मागच्या अंगाला रचली, शेणी माळ्यावर टाकल्या, जमीन झाडली, सारवली. दुपारची भाकरी टाकायच्या आत सगळं झालं होतं. सारवण वाळल्यावर आतली खाट ओढत आणून तिथे ठेवली. दोन्ही बाजूंनी माणूस जाईल एवढी वाट राहते. मी चालून बघितलं.